मुद्रा आणि मर्यादा

एखादी गोष्ट कायम ठरली म्हणजे तिच्यावर ‘शिक्कामोर्तब झाले’, असे म्हणण्याचा मराठीत प्रघात आहे. या जोडशब्दातील दोन्ही पदे जुन्या पत्रव्यवहारातून आलेली आहेत. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्रांत मुख्य शिक्का पत्राच्या माथ्यावर असे. आणि मजकूर जेथे संपे तेथे ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे असलेली दुसरी लहान मुद्रा उमटविली जाई. तीच मोर्तब होय. पत्र कोणाचे, हे शिक्का सांगे. पत्र कोठे संपले, हे मोर्तब सांगे. खालच्या कोऱ्या जागेत कोणी एखादी ओळ घुसडली, तर ती मर्यादेबाहेरची म्हणून ओळखता येई.

आज पुष्कळसे संदेश संगणकाकडून संगणकाकडे अंकांच्या रूपाने जातात. अंकांवर लाखेचा शिक्का उमटविता येत नाही. मग संदेश खऱ्या माणसाचाच आहे आणि वाटेत तो कोणी पालटलेला नाही, हे कसे ओळखावे? संदेश गुप्त राखणे ही एक गोष्ट, आणि तो अभंग राखणे ही दुसरी. या दुसऱ्या कामासाठी संदेशापासूनच एक अंकमुद्रा तयार करून ती संदेशासोबत पाठवितात. या मुद्रेला ‘मॅक’ असे नाव आहे.

मॅक तयार करण्याचे एक साधन म्हणजे ‘ब्लॉक सायफर’. ठराविक लांबीचा अंकसमूह घ्यावयाचा आणि गुप्त किल्लीच्या साहाय्याने त्याच्या जागी तितक्याच लांबीचा दुसरा अंकसमूह ठेवावयाचा, एवढेच त्याचे काम. अमेरिकेने १९७७ साली ‘डीईएस’ नावाचा असा सायफर मान्य केला, आणि १९८५ साली त्याच्यापासून मुद्रा करण्याची रीतही प्रमाण ठरविली. या रीतीला ‘सीबीसी-मॅक’ म्हणतात. तिच्यात संदेशाचे सारखे खंड पाडतात. पहिल्या खंडाचे रूपांतर करतात. जे उत्तर येईल ते दुसऱ्या खंडात मिसळून त्याचे रूपांतर करतात. आणि असे करीत शेवटच्या खंडापर्यंत जातात. अखेरचे उत्तर हीच मुद्रा. साखळीतील प्रत्येक कडी मागच्या कडीत अडकलेली असल्यामुळे मुद्रेत साऱ्या संदेशाचा अंश उतरतो.

एका लहानशा उदाहरणाने ही गोष्ट स्पष्ट होईल. एक व्यापारी आणि त्याची पेढी यांनी पुढील गुप्त कोष्टक ठरविले आहे, असे समजावे : ० च्या जागी ७, १ च्या जागी ३, २ च्या जागी ९, ३ च्या जागी ०, ४ च्या जागी ६, ५ च्या जागी २, ६ च्या जागी ८, ७ च्या जागी १, ८ च्या जागी ५ आणि ९ च्या जागी ४. बेरीज दहा किंवा अधिक आली, तर केवळ एककाचा अंक घ्यावयाचा. व्यापाऱ्याने कळविले, ‘या माणसास ४२५ रुपये द्यावे.’ आता ४ च्या जागी ६ आले. त्यात २ मिळविले, ८ झाले. त्याच्या जागी ५ आले. त्यात ५ मिळविले, १० झाले. एककाच्या ० च्या जागी ७ आले. ४२५ ची मुद्रा ७ ठरली. वाटेत कोणी ४२५ चे ४७५ केले, तर पेढीच्या हिशेबाने मुद्रा २ येते. सोबत आलेली ७ ही मुद्रा जुळत नाही आणि लबाडी उघडकीस येते.

परंतु एखाद्या चतुर लबाडाने कोष्टक ठाऊक नसताना ४२५ च्या पुढे ७२५ हे अंक जोडले तर? पहिल्या तीन अंकांनंतर साखळीचे उत्तर ७ आहे, हे त्याला मुद्रेवरूनच कळलेले असते. ७ आणि ७ मिळून १४. एककाचा अंक ४. म्हणजे साखळी पुन्हा आरंभीच्या ४ वर येऊन उभी राहिली! पुढे २ आणि ५ हे अंक पूर्वीचेच असल्याने अखेर मुद्राही पूर्वीचीच, म्हणजे ७, येते. ४२५ रुपयांचे ४,२५,७२५ रुपये झाले, आणि मुद्रेने त्याला साक्ष दिली. कोष्टक फुटले नाही, किल्ली चोरीस गेली नाही. तरी पेढी बुडाली. कारण एकच : या पत्रावर शिक्का होता, मोर्तब नव्हती.

मिहिर बेलारे, जो किलियन आणि फिलिप रोगवे या तिघांनी १९९४ साली गणिताने सिद्ध केले की, सायफर चांगला असेल तर सीबीसी-मॅक सुरक्षित असते. मात्र सर्व संदेशांची लांबी एकच असली पाहिजे. पेढीने ‘रक्कम तीनच अंकी असावी’ असा नियम केला असता, तर सहा अंकी संदेश तिने दारातूनच परत धाडला असता. अट विसरली की सिद्धतेचा आधार सुटतो.

परंतु लहानमोठे संदेश तर पाठवावेच लागतात. त्यावरचा उपाय मोर्तबेसारखाच आहे. शेवटच्या खंडात किल्लीपासून काढलेली आणखी एक गुप्त संख्या मिसळावयाची. व्यापाऱ्याने शेवटच्या अंकात गुप्तपणे ३ मिळविण्याचे ठरविले, तर ४२५ ची मुद्रा ० येते. लबाडाने पूर्वीच्याच युक्तीने ४२५४२५ असा संदेश रचून त्यावर ० ही मुद्रा लावली, तरी पेढीच्या हिशेबाने ती ७ येते. साखळीतील आतले उत्तर आता त्याला दिसतच नाही. जॉन ब्लॅक आणि रोगवे यांनी २००० साली या दिशेची एक रीत मांडली. तेत्सु इवाता आणि काओरू कुरोसावा यांनी २००३ साली तिला सुटसुटीत रूप दिले. अमेरिकेने २००५ साली तीच ‘सीमॅक’ या नावाने स्वीकारली.

मुद्रेची व किल्लीची लांबीही महत्त्वाची आहे. एकअंकी मुद्रा दहांपैकी एकदा नुसत्या अंदाजानेही साधेल. डीईएसची किल्ली शून्य आणि एक अशा ५६ अंकांची होती; १९९८ साली एका खास यंत्राने किल्ल्या एकामागून एक लावून पाहत तीन दिवसांच्या आत खरी किल्ली शोधून काढली. म्हणून २००१ साली मान्य झालेल्या ‘एईएस’ या सायफरची किल्ली निदान १२८ अंकांची असते.

कुलूप भक्कम असणे पुरेसे नाही; ते कोठे आणि कसे लावले, हेही पाहावे लागते. आपला शब्द कोठे सुरू होतो हे जसे स्पष्ट असावे, तसेच तो कोठे संपतो हेही स्पष्ट असावे.

स्वाध्याय

१. ‘शिक्का’ आणि ‘मोर्तब’ यांची कामे कोणती होती?
२. पाठातील कोष्टक वापरून पहिल्या रीतीने ३१६ ची मुद्रा काढा.
३. लबाडाने ४२५ च्या पुढे प्रथम ७ हाच अंक का जोडला?
४. ‘अट विसरली की सिद्धतेचा आधार सुटतो’, या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. वाक्यांत उपयोग करा : शिक्कामोर्तब होणे, उघडकीस येणे, साक्ष देणे.