घरगुती 'व्हेप' : डबीतली वीज समजून घेऊ या



'व्हेप' किंवा ई-सिगारेट हा शब्द आता आपल्या घरांतही ऐकू येऊ लागला आहे. हे यंत्र घरच्या घरी कसे तयार करावे, हे दाखविणारे व्हिडिओ मुलांच्या मोबाईलवर सहज दिसतात. पेपरमिंटची रिकामी पत्र्याची डबी, जुन्या लॅपटॉपमधील सेल, एक बटण आणि थोडी तार, एवढ्यावर काम भागते असे त्यांना वाटते. अशा वेळी "व्यसन वाईट असते" एवढे सांगून मुलांचे समाधान होत नाही. त्यांचे कुतूहल यंत्राविषयी असते आणि कुतूहल ही चांगलीच गोष्ट आहे. म्हणून आज आपण या डबीतली वीज समजून घेऊ या. वीज समजली की धोका नेमका कोठे आहे, हेही समजेल.

1) हे यंत्र आले कोठून?

अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी 1963 साली धूर नसलेल्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला. 1965 साली पेटंट मिळाले, पण ती वस्तू बाजारात रुजली नाही. आजच्या ई-सिगारेटचे जनक म्हणून चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांचे नाव घेतले जाते. त्यांनी 2003 साली आपले यंत्र तयार केले. सुरुवातीच्या या यंत्रांतील बॅटरी फार लहान असे व लवकर संपे. तेव्हा युरोप-अमेरिकेतील हौशी मंडळींनी टॉर्चच्या नळ्यांत व पत्र्याच्या डब्यांत मोठे सेल बसविण्यास सुरुवात केली. अशा फेरफार केलेल्या यंत्राला 'मॉड' असे नाव पडले.

2) डबीच्या आत काय असते?

मुख्य भाग चार : सेल, बटण, तारेचे वेटोळे म्हणजे कॉइल आणि द्रवात भिजलेला कापूस. बटण दाबले की कॉइलमधून वीज वाहते, कॉइल तापते, द्रवाची वाफ होते व ती ओढली जाते. कॉइलची तार बहुधा नायक्रोम किंवा कांथल या मिश्रधातूची असते. नायक्रोम आपल्या परिचयाचे आहे. विजेच्या शेगडीत हीच तार लाल होते. थोडक्यात, व्हेप म्हणजे तोंडाजवळ धरलेली छोटी शेगडी होय.

3) ओहमचा नियम काय सांगतो?

शाळेत आपण शिकलो : विभवांतराला रोधाने भागले की विद्युतधारा मिळते. पूर्ण चार्ज झालेल्या एका लिथियम-आयन सेलचे विभवांतर 4.2 व्होल्ट असते. आता हिशेब करू या.

• कॉइलचा रोध 1 ओहम असेल, तर धारा 4.2 अँपिअर व शक्ती सुमारे 18 वॅट.
• रोध 0.5 ओहम असेल, तर धारा 8.4 अँपिअर व शक्ती सुमारे 35 वॅट.
• रोध 0.2 ओहम असेल, तर धारा 21 अँपिअर व शक्ती सुमारे 88 वॅट.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे साधे सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचे असते, हे येथे ध्यानात घ्यावे. जास्त वाफ हवी म्हणून हौशी मुले रोध कमी करीत जातात. तारेचा एखादा वेढा दुसऱ्याला किंवा पत्र्याला चिकटला, तर रोध जवळजवळ शून्यावर येतो. यालाच आपण शॉर्टसर्किट म्हणतो. दोन सेल एकसर जोडणीत लावले, तर विभवांतर दुप्पट, धारा दुप्पट आणि उष्णता चौपट होते.

4) घरगुती यंत्रात काय नसते?

कारखान्यातील चांगल्या यंत्रात एक सर्किट असते. ते कॉइलचा रोध मोजते, सेल उतरला तर पुरवठा थांबविते, काही सेकंदांनंतर वीज आपोआप तोडते. साध्या घरगुती मॉडमध्ये बटण आणि सेल यांच्यामध्ये काहीही नसते. बटण अडकले, तर वीज वाहतच राहते. घरात शॉर्टसर्किट झाले तर फ्यूज जातो व घर वाचते. येथे फ्यूजच नाही.

शिवाय कापूस कोरडा पडला व कॉइल जास्त तापली, तर द्रवातील ग्लिसरीन व प्रोपिलीन ग्लायकॉल यांचे विघटन होऊन फॉर्मॅल्डिहाइड व ॲक्रोलीन हे घातक पदार्थ तयार होतात. ते थेट फुप्फुसांत जातात.

5) सेल का फुटतो?

या कामासाठी बहुधा '18650' हा सेल वापरतात. 18 मिलिमीटर व्यास आणि 65 मिलिमीटर लांबी, यावरून हे नाव आले. त्याच्या आत दोन विद्युतअग्रांमध्ये एक पातळ पडदा व ज्वलनशील द्रव असतो. सेल झेपेल त्यापेक्षा जास्त धारा ओढली, तर आतील उष्णता वाढते, पडदा वितळतो, उष्णतेतून आणखी उष्णता निर्माण होते आणि मग ती थांबविता येत नाही. लॅपटॉपचे सेल मंद, दीर्घकाळ वापरासाठी असतात. त्यांच्याकडून 20 अँपिअर मागणे म्हणजे बैलगाडीच्या बैलाला घोड्यांच्या शर्यतीत उतरविणे. त्यातच नळी बंद असेल व वायू बाहेर पडायला छिद्र नसेल, तर ती नळीच फुटते.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत 2018 च्या मे महिन्यात फ्लोरिडा राज्यात आणि 2019 च्या जानेवारीत टेक्सास राज्यात ई-सिगारेटचा स्फोट होऊन प्रत्येकी एका व्यक्तीचा मृत्यू झाला.

6) आपल्या देशाचा कायदा

भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण व जाहिरात यांवर बंदी आहे. संपूर्ण यंत्रच नव्हे, तर त्याचा सुटा भाग तयार करणे वा विकणे हाही गुन्हा ठरतो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मित्रासाठी 'एक बनवून देतो' म्हणणाऱ्या मुलाला हे ठाऊक असायला हवे.

7) आपण काय करावे?

मुलाच्या टेबलावर सुटे सेल, तार व कापूस दिसला, तर आरडाओरडा करू नये. शेजारी बसावे आणि वरचा हिशेब त्यालाच करायला सांगावा. आवरण फाटलेला सेल वापरू नये. सुटे सेल किल्ल्या वा नाण्यांबरोबर खिशात ठेवू नयेत. निकामी सेल कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावेत. आणि ज्या मुलाचे हात असे काम करायला शिवशिवतात, त्याला एलईडी दिवा, रेडिओ किंवा आयटीआयची वाट दाखवावी. तेथे हाच ओहमचा नियम त्याला पोटापाण्याचे साधन मिळवून देईल.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

1) कॉइलचा रोध निम्मा केला, तर धारेचे व उष्णतेचे काय होते?
2) आपल्या घरातील फ्यूज वा एमसीबी कोणते काम करतो? घरगुती व्हेपमध्ये ते काम कोण करते?
3) आपल्या मुलांच्या कुतूहलाला आपण या महिन्यात कोणते चांगले काम देऊ शकतो?