परवा काय खाल्लं? कोणत्या जनावराजवळ होतात?

जुलाब-उलट्यांनी बेजार झालेला माणूस दवाखान्यात येतो आणि खुर्चीत बसायच्या आधीच निकाल देऊन टाकतो, "डॉक्टर, काल संध्याकाळची भेळ बाधली." शेवटचं जे पोटात गेलं तेच डोक्यात राहतं, त्यामुळे भेळवाल्यावर आळ येतो. कधी तो खरा असतो. बऱ्याचदा नसतो.

प्रत्येक जंतूची वेळ वेगळी. दुधाच्या मिठाईत स्टॅफिलोकॉकसने विष करून ठेवलं असेल, तर खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. पदार्थ पुन्हा उकळला तरी ते विष जात नाही. साल्मोनेला सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही उठतो. कॅम्पिलोबॅक्टर साधारण दोन ते पाच दिवस घेतो. आणि ब्रुसेला नावाचा, जनावरांकडून येणारा जंतू काही आठवडे, कधी काही महिने गप्प बसतो. म्हणून मी कालचं विचारून थांबत नाही. परवाचं, गेल्या आठवड्याचं, गोठ्यातलं, यात्रेतलं सगळं विचारतो. रुग्ण वैतागतात. वैतागा, पण आठवून सांगा.

एकटा माणूस आजारी पडला तर हा तपास दवाखान्यात संपतो. गाव आजारी पडलं की गोष्ट वेगळी होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्यात दोन आठवड्यांच्या अंतराने दोन मोठे प्रकार झाले. ६ फेब्रुवारीला नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात कोष्टवाडी इथे महाप्रसादानंतर सुमारे दोन हजार लोकांना त्रास झाला. २० फेब्रुवारीला बुलढाण्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाण्याच्या हरिनाम सप्ताहात भगर-आमटी खाल्लेल्या शेकडो भाविकांना उलट्या-जुलाब लागले. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरेनात, तेव्हा झाडांना दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या अडकवाव्या लागल्या. दोन्ही दिवस एकादशीचे होते.

अशा वेळी आरोग्य पथक गावात आलं की लोकांना वाटतं, आचाऱ्याला धरायला आले. पथकाचं काम त्याहून बरंच कंटाळवाणं असतं. आधी यादी होते: कोण आजारी, वय किती, जेवले कधी, पहिली उलटी कधी. तासागणिक किती रुग्ण वाढले ते मांडलं की साधारण कळतं, की सगळ्यांनी एकाच वेळी एकच दूषित गोष्ट खाल्ली, की विहिरीतून ती रोज थोडी थोडी पोटात जात होती. एकाच जेवणाची बाधा असेल तर आकडा झपकन चढतो आणि उतरतो. पाण्याची असेल तर रेंगाळतो.

मग येतो सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि तिथेच गाव साथ देत नाही. जे आजारी पडले नाहीत त्यांनाही विचारावं लागतं. समजा, पंगतीत ४०० जण बसले. भगर घेतलेल्या ३०० पैकी १५० आजारी पडले, न घेतलेल्या १०० पैकी फक्त पाच. ताक मात्र २०० जणांनी प्यायलं आणि त्यातले ७८ आजारी. ताक न प्यायलेल्या २०० पैकीही ७७ आजारीच. ताक सुटलं, भगर अडकली. केवळ आजारी माणसांना विचारलं असतं, तर निम्म्यांनी ताकाचंही नाव घेतलं असतं आणि संशय वाटून गेला असता. तेव्हा "मला काही झालं नाही, माझी नोंद कशाला?" असं म्हणून दार लावू नका. तुमच्या धडधाकट पोटातच अर्धा पुरावा आहे.

अडचण मी जाणतो. प्रसादाला नाव ठेवायचं नाही, अन्नदात्याला बोल लावायचा नाही, ही आपली रीत. म्हणून मंडळी "ऊन लागलं असेल", "पित्त झालं असेल" असं बोलत राहतात. तोवर भांडी घासून पालथी घातलेली असतात आणि उरलेली आमटी उकिरड्यावर गेलेली असते. माझं मत विचाराल तर आजार दडवल्याने यजमानाची अब्रू वाचत नाही. पुढच्या गावाला तोच माल पोचतो, एवढंच होतं.

भगरीबद्दल थोडं अधिक, कारण उपवासाच्या दिवसांत हा प्रश्न दरवर्षी येतो. भगर मुळात विषारी नाही. ओलसर जागी साठवली की तिच्यावर अस्परजिलस जातीच्या बुरशा वाढतात आणि त्यातल्या काही फ्युमिगाक्लॅव्हिन नावाची विषद्रव्यं तयार करतात. मळमळ, उलट्या, गरगरणं, हातपाय थरथरणं ही त्याची लक्षणं. शिजवल्याने बुरशी मरते, विष मरेलच असं नाही. अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला हाच आहे: सुटी भगर आणि तयार पीठ टाळा, तारीख असलेलं बंद पाकीट घ्या, लागेल तेवढंच दळा.

पुण्याचा २०२५ चा अनुभव याहून गुंतागुंतीचा होता. जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात पायांतलं बळ जाऊ लागलेले रुग्ण एकामागून एक येऊ लागले. गिलेन-बारे सिंड्रोमचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. पोटाच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले, तेव्हा काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय आणि नोरोव्हायरस सापडले. मग पथकं विहिरीच्या पाण्याकडे वळली आणि खडकवासला भागातल्या पोल्ट्री फार्मपर्यंतही गेली. कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीच्या आतड्यात तिला काही त्रास न देता राहतो. नसांच्या आजाराचा माग विहीर आणि खुराड्यापर्यंत काढावा लागला. लोकांनी चिकन खाणं सोडलं. त्याची गरज नव्हती. नीट शिजलेल्या चिकनमध्ये हा जंतू टिकत नाही. धोका असतो कच्चं चिकन मोरीच्या नळाखाली धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांत, आणि त्याच सुरीने कापलेल्या काकडीत. जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत पायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढवेना, तर मालिश करत बसू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

आता आपल्या भागाकडे, श्रीरामपूर तालुक्यातल्या बेलापूरकडे येऊ. प्रवरेच्या काठाने आपल्याकडे ऊस आहे तशी घरोघरी संकरित गाय आहे. रिकाम्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या जातात आणि ऊसतोडीच्या हंगामात बैलांसह टोळ्या उतरतात. माणूस आणि जनावर इथे एकाच अंगणात राहतात. तरीही महिनाभर ताप येणारा, रात्री घामाने भिजणारा, कंबर धरून बसणारा शेतकरी डॉक्टरला गाय गाभडल्याचं सांगत नाही, कारण दोन्हींचा संबंध त्याला लागत नाही. विडाल तपासणीवर टायफॉइडची औषधं होतात, कधी क्षयाची शंका येते आणि ब्रुसेलोसिस बाजूला राहतो. तो रक्ताच्या तपासणीने ओळखता येतो. साधारण सहा आठवडे दोन औषधं एकत्र घ्यावी लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडली तर तो उलटतो.

गाईने शेवटच्या महिन्यांत गाभ टाकला, जार अडकला, तर उघड्या हाताने ओढू नका. हातमोजे नसतील तर दोन्ही हातांवर जाड प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. पडलेला गर्भ आणि जार कुत्र्यांच्या तोंडी लागू न देता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. घरातल्या गरोदर बाईला त्या कामाला लावू नका. १९६२ वर फोन करून पशुवैद्यकाला बोलवा. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलोसिसची लस सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते, ती चुकवू नका. धारोष्ण दुधाचं कौतुक मी पुष्कळ ऐकलं आहे. गाईचं असो की शेळीचं, दूध उकळूनच प्या. जनावरांच्या लंपी त्वचारोगाच्या साथीत, २०२२ मध्ये, उकळलेलं दूधसुद्धा ओतून देणारे लोक मी पाहिले. लंपी माणसाला होत नाही. ज्याची भीती बाळगायची ते सोडून भलत्यालाच आपण घाबरतो.

घरी कुणाला जुलाब लागले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घोट घोट चालू ठेवा. शौचात रक्त, लघवी थांबणं, गुंगी, किंवा तान्हं बाळ पीत नसेल, तर १०८ ला फोन करा. मेडिकलमधून मनाने अँटिबायोटिक आणू नका. नमुना देण्याआधी ती गोळी पोटात गेली, तर प्रयोगशाळेत जंतू वाढत नाही आणि तपास तिथेच अडतो. एक बारीकशी गोष्ट: नमुन्याच्या कागदावर नुसतं "बेलापूर" लिहू नका, नाहीतर कुणीतरी ते नवी मुंबईचं समजेल. तालुका श्रीरामपूर, बुद्रुक की खुर्द आणि वस्तीचं नाव, सगळं लिहा.

सप्ताह आणि भंडारा भरवणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. रात्री शिजवून दुसऱ्या दुपारी वाढू नका. शिजल्यापासून दोन तासांत पंगत बसवा, नाहीतर अन्न गरम राहील अशी सोय करा. किराणा, दूध, भगर कुठून आणली त्याच्या पावत्या जपा. प्रत्येक पदार्थाची एक वाटी, स्वच्छ झाकणाच्या डब्यात नाव आणि वेळ लिहून, तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. आणि एकाच जेवणानंतर दोन घरांत उलट्या सुरू झाल्याचं कानावर आलं, तर तिसऱ्या घराची वाट न पाहता आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.