पाहून झाल्यावर ती काय खेळते?

सात रस्ता, सोलापूर
कार्तिकी एकादशी

चि. सौ. मनूस,


तुझं पत्र पोचलं. चिनूला पाचवं संपत आलं, आता तिला टीव्हीवर नि मोबाईलवर काय दाखवायचं हे कळत नाही, समोर येतं ते एक तर मारामारीचं नाहीतर नुसत्या गोंगाटाचं, असं लिहिलंस. ‘आत्या, चांगल्या सिनेमांची यादी दे’ म्हणालीस. यादी देते, पण शेवटी. आधी निवड कशी करायची ते सांगते, कारण माझी यादी दोन वर्षांत अपुरी पडेल आणि निवड तुला अजून दहा वर्षं करायची आहे.

माझी कसोटी एकच आहे. चित्र संपलं की टीव्ही बंद कर आणि पुढचा अर्धा तास मूल काय खेळतं ते बघ. बालवाडीत आयुष्य गेलं माझं. मुलाच्या मनात जे खरोखर उतरतं, ते खेळातून बाहेर आल्याशिवाय राहत नाही.

विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ हा सात मिनिटांचा चित्रपट १९७४ सालचा. पारध्याच्या जाळ्यात सापडलेली पाखरं एकदम जोर लावतात, जाळ्यासकट उडतात आणि त्यांचे मित्र उंदीर ते जाळं कुरतडतात, एवढीच गोष्ट. वर्गात तो दाखवला त्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलांनी आमच्या मावशींचं जुनं लुगडं मागून घेतलं. सगळी त्याखाली शिरली आणि कडा धरून उचलू लागली. लुगडं एका बाजूला वर जाई, दुसऱ्या बाजूला पायात अडके. मग विणकराच्या घरातली एक मुलगी तेलुगूत मोजायला लागली, ‘ओकटी, रेंडू, मूडू’, आणि मूडूला सगळ्यांनी एकदम हात वर केले. एरवी ढकलाढकली करणारा एक पोरगा तिच्या मूडूची वाट बघत गप उभा होता. मी कुणाला एकीचं महत्त्व सांगायला गेले नव्हते.

याउलट सतत हाणामारीचं कार्टून पाहून आलेली मुलं बघ. एकाने लाथ मारायची, दुसऱ्याने पडायचं, मग पुन्हा तेच. त्या खेळाला पुढे जायला वाटच नसते. आणि काही कार्यक्रम असे की ते संपल्यावर मूल काहीच खेळत नाही, ‘अजून एक लाव’ म्हणून फक्त हट्ट करतं. माझ्या मते ही खूण सर्वांत वाईट. असा कार्यक्रम दिसायला कितीही गोजिरवाणा असला, त्यात इंग्रजी अक्षरं नि आकडे कितीही असले, तरी तो घरातून काढून टाक.

मग खेळात उतरणारं चित्र कसं असतं? त्यातल्या मुलाला काहीतरी करायचं असतं, ते करताना अडचण येते आणि ती अडचण मूल स्वतःच्या डोक्याने, हातापायाने सोडवू पाहतं. आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण देते. परेश मोकाशी यांचा २०१४ सालचा ‘एलिझाबेथ एकादशी’ पंढरपुरात घडतो, आणि उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. ज्ञानेश आणि त्याची धाकटी बहीण झेंडू यांचे वडील गेलेत. आई यंत्रावर स्वेटर विणून घर चालवते. कर्ज थकतं, यंत्र जप्त होतं आणि वडिलांनी बनवलेली ‘एलिझाबेथ’ नावाची सायकल विकायची वेळ येते. मुलं काय करतात? आजच्यासारख्याच एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडतात! गिऱ्हाईक कसं बोलवायचं, जागा कुठली धरायची, पैसे कसे मोजायचे, यातलं सगळं एखादं सहा-सात वर्षांचं मूल घरी आल्यावर खेळू शकतं. दुसऱ्या दिवशी चिनूने तुझ्या बांगड्या मांडून दुकान थाटलं, तर रागावू नकोस.

यातून आणखी एक गोष्ट लक्षात घे. ‘सकारात्मक’ म्हणजे ज्यात दुःखच नाही असं नव्हे. या चित्रपटात मृत्यू आहे, कर्ज आहे, आईचं रडणं आहे. पण मुलं एकटी पडत नाहीत. दुःखात मुलाशेजारी कुणीतरी आहे ना, एवढं पाहायचं. मुलांच्या तोंडी काही रांगडे शब्दही आहेत. तेवढ्यासाठी चित्रपट टाळू नकोस. तू शेजारी बसलेली असशील तर ‘आपण असं बोलत नाही’ एवढं पुरतं.

भीतीचं मात्र वयाप्रमाणे बघावं लागतं. चार-पाच वर्षांचं मूल घाबरतं ते दिसण्याला नि आवाजाला. विद्रूप चेहरा, अंधारातून अचानक आलेली उडी, दणदणीत संगीत. शेवटी सगळं गोड झालं तरी तो चेहरा रात्री त्याच्या डोळ्यांपुढे येतो. ‘हे खोटं असतं’ ही तुझी समजूत त्या वयात फारशी कामाची नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल चेहऱ्याला भीत नाही. ‘माझ्या आईला असं झालं तर’ या विचाराने ते हलतं. म्हणून ‘श्यामची आई’ची घाई करू नकोस. आचार्य अत्र्यांच्या त्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, तो प्रत्येक मराठी मुलाने पाहावाच. पण त्यातला आईचा मृत्यू पाचव्या वर्षी पेलत नाही.

सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर सगळा भार टाकू नकोस. ‘यू’ म्हणजे कुणी पाहायला हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाच वर्षांच्या मुलीला ते समजेल किंवा आवडेल असं त्यात कुणी म्हटलेलं नसतं. ‘यूए’चे आता सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन भाग केले आहेत, ते बघत जा. पण खरं प्रमाणपत्र तू द्यायचंस. चिनूला दाखवण्याआधी चित्रपट तू किंवा जावईबापूंनी एकदा पूर्ण पाहायचा. वेळ मिळत नसेल तर नवीन दाखवू नका, जुनंच पुन्हा दाखवा.

तेच तेच पाहून मूल कंटाळेल अशी काळजी करू नकोस. अमेरिकेत १९९६ साली ‘ब्लूज क्लूज’ हा लहान मुलांचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा एकच भाग आठवड्यातले पाच दिवस लावत. पहिल्या दिवशी मुलं नुसती बघत, आणि पाचव्या दिवशीपर्यंत ती पडद्याकडे पाहून मोठ्याने उत्तरं देऊ लागत. पुढे काय होणार हे ठाऊक असलं की मुलाला का होणार याचा विचार करायला सवड मिळते. महिन्याला दोनच चांगली चित्रं पुरेत.

भाषेचंही बघ. गेल्या दिवाळीत चिनू मला ‘मुझे नहीं चाहिए’ म्हणाली. आपल्या घरात असं कुणी बोलत नाही, ते कार्टूनमधून आलं. सोलापूरच्या गल्लीत पोरं मराठी, कानडी, तेलुगू, दख्खनी सगळं शिकतात, त्याचं मला कौतुकच आहे, कारण समोर बोलणारं माणूस असतं. पडद्यावरची हिंदी तिला उत्तर देत नाही. म्हणून निम्मं तरी मराठीत दाखव, आणि उरलेल्यात बिनसंवादाची चित्रं घे. ती पाहताना तू मराठीत बोलू शकतेस.

वेळेची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलीच आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तमच. चिनूलाही तेवढाच ठेव. जेवताना नाही, झोपण्याआधी नाही. आणि पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय आजच्या आज बंद करून टाक. त्या सोयीमुळे निवड तुझ्या हातात राहत नाही.

आता यादी. सध्या ‘एक अनेक और एकता’, मेंढरांच्या बिनशब्दांच्या करामती असलेलं ‘शॉन द शीप’, एका मुलाच्या आणि लाल फुग्याच्या दोस्तीचा १९५६ चा फ्रेंच ‘द रेड बलून’, आणि मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’. टोटोरोत खलनायकच नाही. आई दवाखान्यात असलेल्या दोन बहिणी नि एक जंगल, बस. सातव्या वर्षी ‘एलिझाबेथ एकादशी’, आणि भावाबहिणीत एकच बुटांचा जोड असलेला इराणी ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’. आठव्या-नवव्या वर्षी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘टिंग्या’. ‘फॅक्टरी’तल्या फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची रोज थोडी थोडी छायाचित्रं घेऊन त्याची वाढ पडद्यावर दाखवली, हे कळलं की चिनू खिडकीत वाटाणा पेरेल बघ. दहाव्या वर्षानंतर ‘श्यामची आई’, आणि आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर शांतारामबापूंनी १९४६ मध्ये केलेला ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’. तेव्हा इकडे घेऊन ये, कोटणीसांचं स्मारक मी दाखवीन. ‘श्वास’ आणि ‘फँड्री’ त्याहून मोठेपणी, आणि पाहिल्यावर बोलायला भरपूर वेळ ठेवून.

चांगलं चित्र लावून देऊन तू स्वयंपाकघरात गेलीस, तर निम्मं काम वाया जाईल. शेजारी बस. मधे मधे शिकवू नकोस, तात्पर्य विचारू नकोस. ती हसली तर हस, तिने तुझा हात धरला तर धरू दे. संपल्यावर ‘तू असतीस तर काय केलं असतंस?’ एवढंच विचार आणि उत्तराची वाट बघ.

या शनिवारी ‘द रेड बलून’पासून सुरुवात कर. जेमतेम पस्तीस मिनिटांचा आहे. नंतर चिनू काय खेळली ते मला सविस्तर कळव. त्यावरून पुढचं ठरवू.

जावईबापूंना नमस्कार, चिनूला गोड पापा.

तुझी,
आत्या