इंका शेतकऱ्यांच्या दगडी मजग्या

पेरू देशात अँडीज पर्वताच्या तीव्र उतारावर इंका लोकांनी १५ व्या शतकात बांधलेल्या मजग्या माचू पिच्चू येथे आजही उभ्या आहेत. याचे मुख्य कारण म्हणजे पाण्याचा निचरा.

रचना :
१) दगडी ताल किंचित डोंगराकडे कलती ठेवीत.
२) तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, मग वाळूमिश्रित थर व सर्वांत वर सुपीक माती भरीत.

त्यामुळे जादा पाणी खाली झिरपून जाई व तालीवर ओल्या मातीचा दाब येत नसे. दिवसा तापलेले दगड रात्री पिकाला ऊब देत.

पुढे स्पॅनिश राजवटीत अनेक वस्त्या उठल्या, डागडुजी थांबली आणि ठिकठिकाणी ताली ढासळल्या.

शेतकरी बंधूंनो, ताल कितीही मजबूत असो, पाण्याला वाट ठेवा व पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती चुकवू नका.