हिमाच्या आधी काढ

कराड,
२० सप्टेंबर

चि. समीर यास मामाचे अनेक आशीर्वाद.

काल ताईचा फोन आला. दाणा अजून फुगावा म्हणून तू ऑक्टोबर संपेपर्यंत शेंगा जमिनीतच ठेवणार आहेस म्हणे. ऐकल्यापासून जिवाला चैन नाही. खरं असेल तर थांबू नकोस, बाबा.

जमीन १८ अंशांच्या वर तापल्याशिवाय भुईमूग धड उगवत नाही, म्हणून तू मेअखेरीला पेरलंस ते योग्यच केलंस. पण आता ओंटारिओतल्या रात्री गारठल्या. पारा १५ अंशांखाली उतरू लागला की दाणा भरणं जवळजवळ थांबतं. मग थांबून मिळवणार काय? नॉरफोकची ती तंबाखूची जुनी रेताड जमीन भुईमुगाला फार चांगली, फुलांच्या आऱ्या मातीत सहज घुसतात. म्हणून हिम पडायचं थोडंच थांबणार आहे? ओल्या दाण्याला ते लागलं की चव जाते, आणि बियाणं म्हणून तो भरवशाचा राहत नाही.

उद्याच चार ठिकाणची झाडं उपटून शेंगा फोडून बघ. टरफल आतून काळपट झालं असेल तर दाणा तयार समज. निम्म्याच तयार असल्या आणि हिमाचा अंदाज असला, तरी काढ.

आमच्या अण्णांचा पसऱ्या भुईमूग चार महिन्यांच्या वर जमिनीत असायचा, हे तू ताईकडून ऐकलं असशील. फुलोऱ्यावर ते वेलांवरून रिकामा ड्रम फिरवत, आऱ्या मातीत जाव्यात म्हणून. पण ते इथल्या उबेत. मी तेव्हा मुंबईला नोकरीत. दिवाळीला घरी यायचो तोवर काढणी उरकलेली असे. त्यांच्यासोबत शेवटची काढणी करायची राहून गेली, ते अजून मनाला लागतं. तू तिकडे भुईमूग लावलास हे कळलं तेव्हा मला किती बरं वाटलं, ते तुला कधी बोललो नाही.

काढल्यावर ढीग मात्र लावू नकोस. इथल्यासारखं ऊन तिथे मिळायचं नाही. पातळ पसर, पंखा लाव, कोमट हवा खेळू दे. ओलावा ८-९ टक्क्यांवर आला पाहिजे. तेवढा आला की शेंग हलवल्यावर दाणा खुळखुळतो. ओल्या ढिगात बुरशी धरते, तिचं अफ्लाटॉक्सिन भाजूनही पुरतं जात नाही आणि लिव्हरला घातक असतं. घरात शेंगांवर जीव टाकणारी तुझी ओवी आहे, विसरू नकोस.

फार बोललो का रे? थंड देशात, कुणी सांगणारं नसताना तू शेंगा धरून दाखवल्यास, हे काही कमी नाही. निम्मा माल आला तरी फोन कर. किती झाला ते मी विचारणार नाही. आणि पहाटे शेतात जाताना कानटोपी घाल, लहानपणापासून तुझे कान दुखतात.

तुझा,
मामा