वारशाचं रोमन नाणं पारखताना

माझे आजोबा नोकरीनिमित्त बरीच वर्षं कोइंबतूरकडे होते. तिथून त्यांनी आणलेलं चांदीचं छोटं नाणं रोमन सम्राट टायबेरियसचं आहे, असं आमच्या घरात सांगितलं जाई. ते माझ्याकडे आल्यावर मी त्याचा छडा लावायचं ठरवलं. त्यातून जे शिकले, ते असं नाणं ज्यांच्या घरी आहे त्यांच्या उपयोगी पडावं.

1. आधी नाणं, मग कहाणी.
आमची कहाणी चांगली जुळत होती. मिरी आणि पाचूसारख्या वैडूर्य रत्नांच्या व्यापारातून रोमन चांदी दक्षिण भारतात आली. कोइंबतूर परिसरात ऑगस्टस आणि टायबेरियसची नाणी खरोखरच पुष्कळ सापडली आहेत. पण ही माहिती बनावट नाणं विकणाऱ्यालाही असते. कहाणी कागदावर उतरवून ठेवा आणि निर्णय नाण्यावरूनच घ्या.

2. घासू नका, वाजवू नका.
चिंच, लिंबू, राख यांनी नाणं उजळतं, पण पारखायला लागणारा पुराव्याचा थरही त्याबरोबर जातो. दगडावर आपटून नाद ऐकणं तर घातकच. शतकानुशतकं जमिनीत राहिलेली चांदी ठिसूळ होते. असं अस्सल नाणं बद्द वाजतं आणि फुटूही शकतं. सराफाच्या कसोटीवर धातूचा कस कळतो, वय कळत नाही. ओरखडा मात्र कायमचा राहतो.

3. कड सर्वात आधी बघा.
रोमन टांकसाळीत चांदीची नाणी दोन ठशांमध्ये ठोकून पाडत. त्यामुळे ती नेमकी गोल नसतात आणि कडेला बारीक चिराही दिसतात. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेवर जोडाची रेघ किंवा ती घासल्याच्या खुणा सापडतात. पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे असतात आणि अक्षरं वापरलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखी गुळगुळीत दिसतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि तिरपा उजेड एवढ्यावर हे दिसतं. दोन नाण्यांवर तेच ओरखडे त्याच जागी असतील, तर त्यातलं निदान एक तरी नक्कल आहे.

4. वजनाबरोबर घनताही मोजा.
टायबेरियसचा दिनार, म्हणजे चांदीचं रोमन नाणं, साधारण पावणेचार ग्रॅमचा असतो आणि त्याचा व्यास 18 ते 19 मिलिमीटर असतो. नीरोने इ.स. 64च्या सुमारास वजन उतरवलं, म्हणून आधी सम्राट ओळखा आणि मग काटा बघा. नाणं दोऱ्याने पाण्यात टांगून घनता काढता येते. चांदीची घनता सुमारे 10.5 आणि तांब्याची सुमारे 8.9 असते. आमच्या नाण्याची घनता चांदीच्या मानाने बरीच कमी भरली.

5. अक्षरं वाचा, पण घाई नको.
टायबेरियसच्या प्रसिद्ध दिनारावर एका बाजूला त्याचं मस्तक असतं. दुसऱ्या बाजूला राजदंड आणि फांदी धरून बसलेली स्त्री असते. अक्षरं बिघडलेली दिसली की नाणं आजचं बनावट, असं मात्र नाही. त्या काळी भारतातही रोमन नाण्यांच्या नकला झाल्या. नाण्यावरच्या घावाचंही तसंच आहे. 1898मध्ये पुदुकोट्टईजवळ सापडलेल्या सोन्याच्या नाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे. असा घाव खोटेपणाची खूण नसून इतिहासाचाच भाग असू शकतो.

6. पुतळी वेगळी, रोमन नाणं वेगळं.
आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेतली नाणी पुष्कळदा रोमन समजली जातात. एक उभी आणि एक गुडघे टेकलेली आकृती असेल, तर ते व्हेनिसच्या डुकाटचं रूप आहे. डुकाट 1284पासून निघू लागला आणि भारतात त्याच्या भरपूर नकला झाल्या.

7. नाणं जाणकाराच्या हाती द्या.
छायाचित्रावरून कड कळत नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथल्यासारख्या अभ्यासकाचं मत घ्या. विकणाऱ्याचं मत पुरेसं नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही.

8. खरं आणि खोटं यांच्यामध्येही उत्तर असतं.
आमच्या नाण्यावर हनुवटीपाशी चांदीचा पापुद्रा उचललेला आहे आणि आत तांबं दिसतं. जाणकारांनी ते हातात घेऊन सांगितलं की तांब्यावर चांदीचा पत्रा चढवून ठोकलेलं हे रोमन काळातलंच खोटं नाणं आहे. म्हणजे कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाजारात ते खरं म्हणून खपवायला बनवलं होतं. मला ते निखळ चांदीच्या नाण्याइतकंच मोलाचं वाटतं. आता त्याच्याबरोबर एक कागद आहे. त्यावर वजन, घनता, जाणकारांचं मत आणि आजोबांची हकिकत वेगवेगळी नोंदवली आहे. तुमच्या नाण्याचा निकाल काहीही लागो, असा कागद जरूर करा. पुढच्या पिढीला नाण्याबरोबर त्याचा पुरावाही वारशात मिळायला हवा.