कुकीज पुसल्यास, फॉन्टचं काय?

खरं सांगू का, रोज रात्री कुकीज पुसून झोपतेस ना, ते चांगलंच आहे गं. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नकोस. इन्कॉग्निटोवरही नको. कुकीज नसल्या तरी वेबसाइट तुझा ब्राउझर ओळखू शकते.

बघ, तू खडकीत घरबसल्या लग्नपत्रिका नि अहवालांचं डीटीपी करतेस. लॅपटॉपवर आपल्या पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आहे, वर सीडॅकचे फॉन्ट. वेबसाइट काय करते, पडद्याआड एखादा शब्द वेगवेगळ्या फॉन्टमध्ये मांडते आणि त्याची रुंदी मोजते. रुंदी बदलली की समजायचं, हा फॉन्ट हिच्याकडे आहे! तुला काही विचारतसुद्धा नाही. त्यात स्क्रीनचा आकार, ग्राफिक्स कार्ड आणि ब्राउझरची पहिली पसंती मराठी, हेही जोडलं जातं. घड्याळ भारतीय वेळेचं, त्याने फार बिघडत नाही, कारण ते कोट्यवधी लोकांचं तसंच असतं. घात करतात त्या दुर्मिळ गोष्टी. खडकी बाजारातल्या दुकानदाराला तुझं नाव ठाऊक नसेल, पण ती चाल, ती छत्री आणि ती जाडजूड फाईल एकत्र दिसली की तो ओळखतोच ना, तसंच हे. या सगळ्या खुणा मिळून बनतो तो ब्राउझरचा ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट.

इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या २०१०च्या अभ्यासात सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, त्यातले ८३.६ टक्के एकमेव निघाले. आणि गूगल बघ! २०१९ मध्ये म्हणालं, असे ठसे घेणं चुकीचं आहे. फेब्रुवारी २०२५ पासून मात्र जाहिरातदारांवरची ठसे वापरण्याची बंदी उठवली. मला नाही पटलं ते.

आता घाबरून दहा एक्स्टेंशन्स लावत बसू नकोस. मी लावली होती, ब्राउझर नव्या नवरीसारखा नटला आणि आणखीच उठून दिसायला लागला असणार! नको असलेली काढून टाक. शिवाय या ठशात तुझं नाव नसतं. ते तू लॉगिन केलंस की चिकटतं. म्हणून डॉक्टर, औषधं, घरातल्या कटकटी असलं खाजगी काही शोधायचं तर डीटीपीच्या लॅपटॉपवर नको, लॉगिन करून तर नकोच. आणि हो, बँकाही फसवणूक पकडायला हीच युक्ती वापरतात. तेव्हा नव्या ब्राउझरवर पुन्हा ओटीपी मागितला तर घाबरायचं नाही. फक्त तो कुणाला सांगायचा नाही.

तुझ्यासाठी नेमका उपाय सांगते. फायरफॉक्स घे. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीच्या भागात 'स्ट्रिक्ट' निवड. ऑक्टोबर २०२३ मधल्या ११९व्या आवृत्तीपासून या सेटिंगमध्ये वेबसाइटला फक्त सिस्टिमचे नि भाषेच्या पॅकचे फॉन्ट दिसतात; तू वेगळे टाकलेले झाकले जातात. याने सगळं पुसलं जात नाही, पण तुझी सगळ्यात ठळक खूण जाते. एखादी साइट रुसली तर तेवढ्यापुरतं सेटिंग सैल कर.

श्रीलिपी काढू नकोस हं, पोट चालतंय त्यावर. पत्रिकेचं प्रूफ उद्या सकाळी बघ, आज आधी हे सेटिंग बदल.